शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या
मुलुंडच्या कुंदाताईंनी शाळेच्या नोकरीत तीस वर्षं निवडणुकीची ड्युटी केली होती. म्हणूनच युद्ध नुकतंच संपलेल्या देशात मतदान घेणाऱ्या लेकीने त्यांना व्हिडिओ कॉल लावला. “आई, निम्मं मतदान झालं नाही तर इथलं सरकार कोणी मानणार नाही, परत बंदुका निघतील. यादी युद्धाआधीची गं, त्यातली कितीतरी माणसं मेलीत. वेळ संपली, बूथ बंद करते.” “असं कसं? रांगेतल्यांना चिठ्ठ्या दे, शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून नवा कोणी घुसत नाही. त्यांचं मतदान झाल्याशिवाय बंद करायचं नसतं.” “कसली रांग? इथे काळं कुत्रंही नाही.” “मस्करी पुरे. तुझ्यामागे फाटकापर्यंत उभे आहेत बिचारे, लेकरं कडेवर घेऊन.” लेकीने वळून पाहिलं. “आई, मैदानात कोणीच नाही.” तरी तिने फाटकाशी जाऊन चिठ्ठी हवेत धरली. रांगेतल्या शेवटच्या म्हातारीने ती घेतली, आणि लेक रिकाम्या हाताकडे बघत राहिली.