मुहूर्ताचं दूध

शशिकलाबाईंनी दार उघडलं, तर समोर नटूनथटून आलेलं तरुण जोडपं. त्याच्या हातात नवंकोरं पातेलं, तिच्या हातात दुधाची पिशवी.

"तुम्ही अजून इथेच, काकू?" तो गडबडला. "घर आम्ही विकत घेतलंय. साडेदहाच्या मुहूर्तावर दूध उतू घालायचंय. घर रिकामं मिळेल म्हणाले होते जुने मालक."

"नळ दुरुस्त करतो, असंही ते दीड वर्ष म्हणत होते," असं म्हणत बाईंनी कपाटातला भाडेकरार त्याच्यापुढे धरला. मुदतीचे सात महिने बाकी होते. मधेच घर विकलं, तरी नवा मालक या कराराला बांधील राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

त्याने ते दोनदा वाचलं. बायकोचा चेहरा एवढासा झाला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहा पंचवीस. हक्क आपल्या बाजूने होता, पण हिरमुसल्या पोरीला दारात उभं ठेवणं त्यांना जमेना. "शेगडी मोकळी आहे. या आत."

दूध फसफसून उतू गेलं, तशी ती टाळ्या पिटायला लागली. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला. "सात महिने निर्धास्त राहा, काकू. आजपासून मालक आम्ही!"

"झालात ना मालक?" बाईंनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि न्हाणीघराकडे बोट दाखवलं. "मग तो नळ बघा आधी."

नव्या मालकाने रेशमी झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या.