ओढ्याची प्रकृती

सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दगड उलटे करत होत्या आणि सून काठावर बसून मदतनिधीचा अर्ज भरत होती. निधी मिळाला नाही, तर सांडपाणी गाळणारा हौद बंद पडणार होता आणि पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"हौद बांधला तेव्हा इथे एकही किडा सापडत नव्हता," सासूबाई पांढऱ्या ताटातल्या अळ्या मोजत म्हणाल्या. "घाण पाण्यात या जगतच नाहीत गं. आज एकवीस जाती! लिही."

"आई, पाणी स्वच्छ झालं, एवढंच लिहू का?"

"ते काय, कुणीही लिहितं. आकडा लिही. मोठी माणसं आकड्यालाच मान देतात."

सुनेने सुवाच्य अक्षरात लिहिलं.

रकाना ७. ओढ्याची प्रकृती:
पाच वर्षांपूर्वी – किडे शून्य.
आज – किड्यांच्या एकवीस जाती.

आठवड्याभरात संस्थेचं पत्र आलं. सुनेने ते मोठ्याने वाचलं.

"आपल्या ओढ्याची अवस्था वाचून विश्वस्त मंडळ हेलावून गेलं. संपूर्ण निधी मंजूर झाला आहे."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

सुनेने पान उलटलं.



"त्यातून नेमलेलं कीटकनाशक फवारणीचं पथक आज सकाळीच ओढ्यावर पोहोचलं असेल."