खाटेकडची भिंत

“जुना चुना खरवडल्याशिवाय दिवाळी नाही, हा तुझ्या बाबांचा दंडक,” म्हणत आईनं उलथनं खाली टाकलं आणि ती दारातच बसली. “जन्म गेला चुन्यासाठी शिंपले जाळण्यात. भट्टीच्या धुरानं त्यांची छाती खाल्ली, ओझ्यांनी माझी कंबर. पुढच्या वर्षी डब्यातला रंग आण.”

मुलगी ते उलथनं उचलून खाटेकडच्या भिंतीकडे वळली. शाळेत विज्ञान शिकवायची. घरीही राहवत नसे. “भट्टीत शिंपल्यांमधला वायू उडून जातो ना, आई, तसलाच वायू भिंतीवरचा चुना हवेतून परत ओढून घेतो. हळूहळू भिंतीचा पुन्हा शिंपला होतो.”

“हवेत कुठून येतो?”

“कुठूनही. चुलीतून. आपल्या श्वासातून.”

आईची नजर त्या भिंतीवर गेली. गेल्या दिवाळीला या खोलीत चुना लागला, आणि त्यानंतर दोन महिने बाबा खाटेवर याच भिंतीकडे तोंड करून धापा टाकत पडून होते. तिथूनच गेले.

गुडघ्यावर हात टेकत ती उठली. मुलीच्या हातातलं उलथनं तिनं काढून घेतलं.

“ही भिंत राहू दे गो. यंदा तीनच रंगवू.”