सागवानी आवाज

सप्ताहात कीर्तनाचा शब्द न् शब्द कळावा म्हणून सर्जेरावतात्यांनी बायकोचं माहेरचं सागवानी कपाट मोडून अंगणात स्पीकरचा खोका ठोकला. पाठीमागं कपाटाचंच दार बसवलं, कुलपासकट. विजयमालाबाईंनी चार दिवस अबोला धरला. आणि सप्ताह बसायच्या दिवशी सकाळी कॅसेट लावून बघितली, तर आवाज रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा घुमला.

“तात्या, ह्यापरीस जुना भोंगा बरा,” विणेकरी म्हणाले. “सांजच्यापत्तुर सुधारला तर ठेवू.”

तात्यांनी दुपारभर फटी बुजवल्या, खोक्याला हात जोडले आणि आंघोळीला गेले.

संध्याकाळी महाराजांनी अभंग घेतला. पार मागच्या म्हातारीपर्यंत अक्षर न् अक्षर स्वच्छ पोचलं. महाराजांनी खूश होऊन आपल्या गळ्यातला हार तात्यांना घातला. “ही किमया केलीत तरी कशी?”

“पांडुरंगाची कृपा,” तात्या लाजले.

तेवढ्यात बायकांतून विजयमालाबाई उठल्या. कमरेची किल्ली काढून त्यांनी खोक्याचं दार उघडलं. आत त्यांच्या लुगड्यांची चळत.

“कपाट मोडल्यावर ही कुठं ठेवायची हुती मी?”

महाराजांनी तात्यांच्या गळ्यातला हार काढून विजयमालाबाईंच्या हातात दिला. “माउली, काल्याच्या कीर्तनापर्यंत यातलं एकही लुगडं काढू नका. आणि तात्या, उद्या बाजारातून यांना नवी आणा.”