सात नंबरचं शून्य

भिंतीपलीकडचा जनरेटर पुन्हा धडधडला आणि नम्रताने उरलेली खिडकीही दाणकन लावून घेतली. तरी डिझेलचा धूर यायचा तो आलाच. आतल्या खोलीत अप्पांना खोकल्याची उबळ आली.

दम्यासाठी मोकळी हवा हवी, म्हणून तिने वडिलांना शनिवार पेठेतून इथे, पुण्याच्या कडेच्या मांजरी गावात आणलं होतं. आता डॉक्टर म्हणत होते, असंच चाललं तर ऑक्सिजन लावावा लागेल.

"पेठेत निदान धूर ओळखीच्या लोकांचा होता," अप्पा म्हणाले.

नम्रताचं डोकं उठलं. त्यात तिचं कामही धुराचंच, तेही घरून. कंपनीची संगणक केंद्रं देशभर विखुरलेली. जिथली वीज स्वच्छ, तिथे काम वळवायचं. कुठलं केंद्र कुठे आहे हे सुरक्षेपायी कुणालाच सांगत नसत, पडद्यावर नुसते नंबर दिसत. कुठल्या केंद्राचं प्रदूषण किती, ते त्याच्या वीजमीटरवरून ठरे. नव्या सात नंबरचं कायम शून्य. साहेब, म्हणजे आमोद, त्यावर बेहद्द खूश. रोज सगळा भार तिकडे ढकलला की तिलाही जरा पुण्य लागल्यासारखं वाटे.

आज मात्र ती तणतणत खाली उतरली. शेजारच्या त्या बिनपाटीच्या, बिनखिडक्यांच्या इमारतीत काय चालतं, हे तिथल्या रखवालदारालाही ठाऊक नव्हतं. त्याचे मालक कधी येतात, तेही नाही. भैरू त्याचं नाव.

"जनरेटर बंद कसा करनार, ताई? लाईटीचं कनेक्शनच आलं नाय अजून. मीटर तेवढा बसवलाय, त्यो शून्यावरच हाय."

अशा लोकांना कुणी जाब विचारत नाही, असं पुटपुटत ती घरी परतली. तोच आमोदचा फोन. सातवर अपडेट आहे, लोड थोडा वेळ तीनवर घे. वैतागूनच तिने सातचा सगळा भार तीनवर वळवला.

थोड्या वेळात बाहेर सगळं शांत झालं.

"भांडून आलीस वाटतं," अप्पा म्हणाले. "बरं केलंस."

तिला अगदी भरून आलं. तिने भराभरा खिडक्या उघडल्या आणि अप्पांची खुर्ची गॅलरीत मांडली. किती दिवसांनी ते न खोकता बसले होते.

पुन्हा आमोद. "झालं अपडेट. टाक सगळं परत सातवर."

तिने बटण दाबलं. पडद्यावर शून्य उमटलं, आणि भिंतीपलीकडे जनरेटर धडधडला.