उडीचं बटण

रिपोर्ट जुळले होते, आणि मिनल नाही म्हणायला आली होती.

आईबाप राहिले नव्हते. भावजय अपेक्षाचा रक्तगट जमत नव्हता, त्यांची पोरगी अजून शाळेत होती. अश्विनला किडनी देऊ शकेल असं माणूस उरलं होतं एकच, त्याची ही थोरली बहीण. आता नाही म्हणायला का होईना, आजारी भावाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? काटोलची बाई माहेरी निघाली की पिशवीत संत्री ठरलेली. पण किडन्या गेलेल्या माणसाला संत्री म्हणजे विष. डॉक्टरांनी ती पहिल्याच दिवशी बंद केली होती. म्हणून बसमधून उतरल्यावर ती जरीपटक्याच्या बाजारात शिरली आणि लहानपणी जिच्या गेमपायी दोघांनी आईचा मार खाल्ला होता, त्याच कंपनीचा नवा गेम घेऊन आली. कंपनीचं अजून तेच चाललेलं, घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळावं असे गेम काढायचे. बडे लोग भी खेलते हैं दीदी, असं दुकानदारानं सांगितलं.

डायलिसिसच्या खुर्चीत अश्विन हरखला. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, हिंगण्याच्या कारखान्यात साठ माणसं हाताखाली वागवलेला. पण खोका बघून त्याचा चेहरा असा काही फुलला की मिनल सांगायचं सोडून खोका फोडायला बसली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास काढायचे म्हणून अपेक्षानं त्याला हातात धरून गेम खेळायचं यंत्र आधीच घेऊन दिलं होतं. त्यातच नवा गेम घातला. डाव्या हातात सुया, तो हात हलवायची सोय नाही. तेव्हा असं ठरलं की उजव्या हातानं माणूस चालवायचा अश्विननं आणि उडीचं बटण दाबायचं मिनलनं.

पडद्यावर लहानपणच्या गेममधला तोच मफलरवाला ठेंगू आला. पण आता गुटगुटीत, गाल रंगवलेला, बारशाला निघाल्यासारखा. पहिल्याच खड्ड्यात तो पडला आणि अश्विननं जीभ चावली. तेवढ्यात कुठूनसा साबणाचा फुगा आला, त्यानं ठेंगूला अलगद वर आणून ठेवलं आणि अक्षरं नाचली: चला, पुन्हा!

"हे काय वं? मेलाच नाही हा?"

मिनल म्हणाली, आता तसं ठेवत नाहीत म्हणे, लेकरं घाबरतात. अश्विनला ते मुळीच रुचलं नाही. पूर्वी मोजून तीन जीव मिळायचे, ते गेले की पुन्हा सुरुवातीपासून, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यापाशी छातीत धडधडायचं. तीस वर्षं या कंपनीला धरून राहिलो, घरी पोरगी हसते तरी सोडली नाही, आणि यांनी आपल्याला दूधपित्या लेकरांत काढलं, अशी त्याची कुरकुर बराच वेळ चालली.

"मरतच नाही तं उडी माराची कायले?" तो म्हणाला.

मिनल हसली आणि हसल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला. सांगायचं कधी? नवरा धर्मेंद्र म्हणाला होता, तुझी इच्छा. सासूही म्हणाली, तुझी इच्छा. मेल्यांपैकी कोणी अडवलं असतं तर बरं झालं असतं, त्यांच्या नावावर खपवता आलं असतं. भीती तिची एकटीचीच होती. रोज रात्री कुशीवर वळताना ती कमरेवर हात ठेवून झोपत होती.

"अश्विन, माझ्यानं नाही होणार गा," ती म्हणाली. "मी नाही देऊ शकत किडनी."

त्यानं मान वर केली नाही. अंगठा चालतच राहिला. मफलरवाला कड्याशी आला, मिनलकडून बटण दाबलं गेलं नाही, तो पडला. फुग्यानं त्याला वर आणलं. अश्विननं त्याला पुन्हा तिथवर चालवत आणलं आणि तो पुन्हा पडला. शेजारी मशीन अश्विनचं रक्त गाळत घुरघुरत होतं.

"ताई," अश्विन म्हणाला, "तो जुना गेम आठवते का तुले? माझे जीव सरले का दोन बटणं दाबून मी तुझा घेऊन घेत होतो."

न आठवायला काय झालं! विचारायचीसुद्धा गरज नसायची. मिनलचे जीव असे परस्पर जायचे आणि शेवटचा राक्षस दरवेळी अश्विन मारायचा. ती बाजूला बसून बघायची.

"राग नव्हता येत तुले?"

"येत होता."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू रडत होता."

अश्विननं मान हलवली. "आता नाही रडत," तो म्हणाला. आणि खरंच तो रडत नव्हता. मिनलच तोंडावर पदर धरून रडत होती, इतकी की पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिनं पर्स उचलली. मशीनवर अजून एक तास चाळीस मिनिटं बाकी होती.

"बस ना वं," अश्विन म्हणाला. "खेळ लेकरांचाच आहे हा. पण एका हातानं उडी नाही मारता येत."