मेलेला डोळा

टोकियोतल्या पुस्तकाच्या दुकानात कुझुहारा सेन्सेई वाचकांना सह्या देत होते. त्यांचा असिस्टंट म्हणून मी शेजारी बसून ओल्या सहीवर टिपकागद दाबत होतो. रांगेतल्या एका दणकट माणसाने आमच्या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला भाग आणि नवा दुसरा भाग शेजारी शेजारी उघडून ठेवले.

"सेन्सेई, मी मासळीबाजारात मासे कापतो. मेलेला डोळा मला लगेच कळतो. पहिल्यातला सामुराई माझ्याकडे बघतो. दुसऱ्यातला नुसता मेलेला मासा! चित्रातले डोळे तर गुरूनेच काढायचे असतात ना? मग या हमालाला कशाला हात लावू दिलात?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने सुरा काढला आणि माझा उजवा हात टेबलाला खिळला.

लोकांनी त्याला आडवा पाडून लाथांनी तुडवला. नाक फुटलं तरी तो ओरडतच होता, "तिसरा भाग तरी स्वतः काढा, सेन्सेई!"

सेन्सेई माझ्या कानाशी वाकले.

"पहिल्यातले डोळे तू काढलेस आणि दुसऱ्यातले मी, हे त्याला सांगू नकोस हं, ताकेबे. चाहता आहे, फार मनाला लावून घेईल."